पत्रिकेच्या तळाची ओळ

१२ नोव्हें. ९९, शुक्र.
प्लगइन चाललं एकदाचं. चित्रांच्या फुकटच्या प्रोग्रामाला ते जोडायचं, लग्नपत्रिका उघडायची, बटण दाबायचं, छपाईसाठी प्रत्येक रंग वेगळा निघतो. भाऊजी दोनदा म्हणाले, "मंगल, हे तू केलंस?" प्रेस त्यांचा, कॉम्प्युटर त्यांचा, पण केलं मी. शाई पुरवणारे शेठ सगळ्या प्रेसना विकायला तयार. सोमवारी २२ ला येतायत. जमलं तर स्वतःचं काम, स्वतःची जागा. ताईला अजून बोलले नाही.

१५, सोम.
कशात लक्ष नाही. अर्धा कोड माझा नाहीच, एका जर्मन माणसाच्या प्लगइनमधून उचललेला. त्याचं लायसन्स आज नीट वाचलं. विका खुशाल, पण माझं नाव ठेवा, ज्याला द्याल त्याला सोर्स, म्हणजे लिहिलेला सगळा कोडही द्या, त्यालाही पुढे वाटू द्या. भाऊजींना सांगितलं.
"मग शेठ कशाला घेतील? काढ ती नावाची, लायसन्सची ओळ."
नमुन्याला दुसऱ्या प्रेसची पत्रिका आली की तळाची मुद्रकाची ओळ आधी उडवायची, ही आमची रीत. उडवणारी मीच. जर्मनाचं नाव कधी उडवलं ते कळलंही नाही.

१८, गुरु.
सायबर कॅफे. सोर्स न देता विकू का, असं ईमेलने विचारलं होतं, जर्मनाचं उत्तर आलंय. त्याची ना नाही, पण कोडमध्ये आणखी दोघांचं काम, ते कुठे असतात त्यालाही ठाऊक नाही. म्हणे तेवढं नव्याने लिही. सोमवारपर्यंत? आणि लिहिलं तरी प्लगइन बसणार त्याच फुकटच्या प्रोग्रामात, मग त्या प्रोग्रामाचं तसलंच लायसन्स यालाही लागू की नाही यावर इंटरनेटवर वाद चालूय. घाला वाद. जीव माझा जातोय.

२०, शनि.
उरणचे एक काका पत्रिका घेऊन आले. "आशीच पायजे, गनपती जरा मोठा." पत्रिका आमचीच, गेल्या वर्षीची. तळाला दुसऱ्याच प्रेसचं नाव. भाऊजी लालबुंद. "माझं डिझाइन, नाव त्याचं. लाज विकून खाल्ली."
मी म्हटलं, आणि तो जर्मन?
"तो काय पनवेलला बघायला येतोय?"
रागाने हसूच आलं मला.

२१, रवि.
जर्मनाचं नाव परत घातलं. सोर्सही फ्लॉपीत टाकला. भाऊजींना बोलले नाही. शेठना स्वतःच देणार म्हणून फ्लॉपी त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलीय. ताई विचारत होती, जेवत का नाहीस. भीती वाटतेय, दुसरं काय.
जुनी फ्लॉपी, बिननावाची, माझ्याकडेच आहे. अजून बदलता येईल. शर्ट खुंटीवर आहे, सकाळी ते आंघोळीला गेले की