कुमागाईसाहेबांची शिफारस

बाबांना नागोयाहून शुन्पेईचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. दोन्ही वेळा भात घरीच शिजवतो. झोप जरा कमी होते, पण ते आईला सांगू नका.

अमेरिकेतल्या एमबीएचे अर्ज शुक्रवारी बंद होतायत. माझी फाइल तपासणाऱ्या हिरोसेबाई म्हणाल्या, "गुण चांगले, अनुभव चांगला. पण या शिफारसपत्राने सगळ्यावर पाणी पडेल!"

पत्र माझ्या साहेबांचं, कुमागाईंचं. त्यांनी लिहिलं होतं, "पोरगा अजून कच्चा आहे. चुकला तर कान पिळा." आपल्याकडे परक्यांपुढे आपल्या माणसाबद्दल असंच बोलतात, पण तिथल्या परीक्षकांना ते कसं कळावं?

काल त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. "साहेब, थोडं चांगलं लिहिलंत तर..."

"घरच्या माणसाची स्तुती मीच करू? लाज नाही वाटत?" ते कडाडले. "आधी सोडून जातोस, वर कौतुकही हवं!"

आज सकाळी टेबलावर पाकीट होतं. जुनं सगळं तसंच, खाली एकच नवी ओळ: "तरीही हा माणूस मला तुम्हाला द्यायचा नव्हता."

हिरोसेबाईंनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, "पाठवा." एवढं पुरेल का, कोण जाणे.

तुमचा गुडघा कसा आहे? नाशपातीच्या छाटणीला यंदा मदतीला कोण येतंय?

मी अठराचा असताना इथल्या घरमालकिणीला तुम्ही म्हणाला होतात, "आमचा हा ठोंब्या, जरा सांभाळून घ्या." नऊ वर्षं तो राग मनात धरून होतो, बाबा. आज सोडला.

तुमचाच,
ठोंब्या