अर्धगोल घरातलं कपाट

आई, मुलुंडला नवीन घर घेतलं. चौदाव्या मजल्यावर, आणि सगळ्या भिंती सरळ. सामान लावायला आलेल्या माणसाने कपाट भिंतीला टेकवलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, जरा हातभर पुढे घ्या." तो म्हणाला, "मॅडम, मागे जागा कशाला सोडायची? फुकट जाणार ना." कपाट मात्र मी पुढेच घ्यायला लावलं.

आपल्या घरात भिंत कुठे संपते आणि छप्पर कुठे सुरू होतं हे सांगताच यायचं नाही. आडवं पिंप मधोमध कापून पालथं घालावं तशी ती नागमोडी पत्र्याची बराक. कांजूरमार्गच्या गोदामाच्या आवारात ती उभी होती. बाबा तिथे स्टोअरकीपर, म्हणून अर्ध्या भागात माल आणि अर्ध्यात आपण. पाहुणे आले की बाबा तिची कुळकथा सुरू करत. लढाईच्या काळात साहेबाने सोल्जरांसाठी या बराकी आणल्या, सुटे पत्रे आणि कमानी बोटीतून उतरायच्या, चार माणसं नटबोल्ट आवळून दिवसाभरात उभ्या करायची, वगैरे. तू चहा ठेवता ठेवता म्हणायचीस, "लढाई संपली, सोल्जर गेले आपापल्या घराक. आमीच रवलो." पाहुणे हसायचे. तू हसायची नाहीस, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

तुला एकच गोष्ट हवी होती. सरळ भिंत. पत्र्याला खिळा मारता येत नाही, मारला तर गळतं. आजीचा फोटो तू कमानीला दोरी बांधून लोंबकळत ठेवला होतास. पंखा लावला की आजी पाठ फिरवायची आणि तू तिला दटावून पुन्हा आपल्याकडे वळवायचीस. आणि मग बाबांनी ते लाकडी कपाट आणलं. घाटकोपरहून, हातगाडीवर. दरवाजा मापला होता, उंची मापली होती, फक्त आपलं घर वरच्या बाजूला आत वळतं हे विसरले. बाबा कपाट रेटतायत, वरचा कोपरा पत्र्यावर आपटून सगळं घर घणघणतंय आणि खाली पायापाशी माणूस झोपेल एवढी जागा मोकळीच. शेवटी कपाट खोलीच्या मधोमध उभं राहिलं. तू हसत हसत जमिनीवर बसलीस. मग उठून त्याच्या मागे गेलीस, कोऱ्या फळीवरून हात फिरवलास आणि मला हाक मारलीस, "गो, हय ये. भिंत झाली बघ." त्या संध्याकाळी आजी पहिल्यांदा खिळ्यावर गेली.

मी दहावीत असताना वाकोल्याची खोली चालून आली होती. बाबांच्या मावसभावाची, विटांची. आपण तिघं बघायला गेलो. तू नुसता तळवा भिंतीवर ठेवून उभी राहिलीस. परत येताना बाबांनी विचारलं, "काय करूया?" तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "पोरीची धावी होवंदे. मधीच शाळा बदलूक नको." माझी दहावी झाली तोवर खोली दुसऱ्याला गेली होती, आणि पुढच्या गणपतीला तू नव्हतीस. मला कुणी विचारलंच नाही गं. मी दोन बस बदलून शाळेत आले असते. अजून राग येतो मला, आणि तो बाबांचा नाही, तुझाच येतो. माझ्यासाठी सोडलंस, पण मला न विचारता सोडलंस.

परवा कांजूरला जाऊन आले. गोदाम जाऊन तिथे टॉवर होतोय. दोघंजण पान्याने बराकीचे बोल्ट सोडवत होते. गंजलेले होते, तरी सुटत होते. वाकडे पत्रे एकात एक बसवून टेम्पोत चढवत होते, भिवंडीला कुणाच्या तरी गोठ्यासाठी. या बराकींबद्दल मी हल्ली मिळेल ते वाचते. कुठे त्यांचं इस्पितळ झालं, कुठे शाळा, कुठे निर्वासितांची वस्ती. केल्या होत्या लढाईपुरत्या, उचलून नेता याव्यात म्हणून. तिथे कुणी जन्म काढावा असं करणाऱ्यांच्या मनातही नसेल. दुपारपर्यंत खाली नुसता लांबट ओटा उरला. आपली चूल कुठे होती तेवढं मात्र मला ओळखता आलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच आहे, तर एक सांगून टाकते. नव्या घरात आल्या आल्या ह्यांनी हॉलमध्ये तुझ्या फोटोसाठी खिळा मारून दिला. चांगली जाड, सरळ भिंत आहे. रोज विचारतात, लावला का. मी उद्यावर ढकलते. तुझा फोटो अजून कपाटात, साड्यांच्या घडीत आहे. तिथे लावला तर तू हलणार नाहीस, पंखा लावला तरी.