शिमग्यापर्यंत पोरं वळणावर

२० जानेवारी १९५८, सोमवार

पेन्सिलीचं मागचं टोक नातवाने, हिऱ्याने खाल्लं. शिसंही थोडं पोटात गेलं असणार, जीभ काळी आहे. रात्रीच्या वर्गाच्या मास्तरांनी बजावलं होतं, आवडाबाई, रोज चार ओळी लिहा, नाहीतर शिकलेलं अक्षर पळून जाईल. अक्षर पळेल तेव्हा पळेल, पेन्सिल आजच चालली. यात श्री लिहायचं राहिलं. श्री.

सून कमळ सकाळच्या लांचने मुंबईला गेली. मुलगा चांगदेव तिथं गोदीत कामाला. त्याला कावीळ झाली होती, आता रूम मिळाली आहे, पथ्याचं रांधायला कोणी नाही, म्हणून गेली. राही सहा वर्षांची, हिरामण तीनचा. दोघं माझ्या गळ्यात. चांगदेवने निरोप दिला आहे, शिमग्याला येतो. पोरं नीट राहिली तर इथंच राहू देत, इथल्याच शाळेत जातील. झुरली तर मुंबईला नेईन.

झुरतील कशाला? मी मिठागरावर जन्म काढला आहे. वाफ्यात खाडीचं पाणी घ्यायचं, बांधाची उघाडी, म्हणजे पाण्याची फळ्यांची झडप, बंद करायची, आणि हात लावायचा नाही. मीठ आपोआप धरतं. पोरं तशीच. शिमग्यापर्यंत वळणावर.

मला पोरांची हौस आहे असं नव्हे. पण मुंबईत वाया जातील.

२१ जानेवारी

नियम ठरवले. दिवेलागणीच्या आत जेवण. ताटात टाकायचं नाही. वेणी रोज. रडायला बंदी. पोरांना समोर बसवून सांगितले. राही म्हणाली, "आनि आजे, तुला कुठला नियम?" म्हटलं, मला नियम घालणारा वारला.

संध्याकाळ. बोंबलाचं कालवण केलं. हिऱ्या म्हणतो, आयसच्या हातचं पाहिजे. म्हटलं, हे तिच्याच हातचं, करून गेली. खाल्लं. पोराला फसवणं म्हणजे फसवणं नव्हे. तेही वळणच.

२४ जानेवारी, शुक्रवार

झोप नाही. कमळच्या जुन्या लुगड्याचा पदर मुठीत धरल्याशिवाय हिऱ्या डोळे मिटत नाही. सवय मोडायची म्हणून लुगडं साबण लावून धुतलं. वास गेला. आता लुगडंही नको म्हणतो आणि झोपही.

शेजारची सोनूबाई सकाळीच दारात. "आवडाबाय, रातभर तुझ्या घरात कोन रडत व्हतं?" म्हटलं, मांजर. "मांजर आये आये वरडतं काय गो?" तिला घरात काम नाही.

निश्चय. हिऱ्याला आता माझ्या पदराची सवय लावायची.

२५ जानेवारी

माझ्या पदराला मशेरीचा वास येतो म्हणे. हे वीतभर पोर मला नाव ठेवणार. मशेरी सोडायची आजपासून.

२६ जानेवारी

मशेरी सोडली. दुपारी जरा लावली, दात ठणकत होता. संध्याकाळी दुसरा दात.

३१ जानेवारी, शुक्रवार

राहीच्या डोक्यात उवा. रॉकेल चोळलं. म्हटलं, आता चुलीजवळ बसू नको. तर म्हणते, "मंग भाकऱ्या तूच भाज." ही कोणावर गेली आहे कळत नाही. वेणी घालताना पळते. "तू वढतंस. आयस वढत न्हाय." म्हटलं, आयस ओढत नव्हती म्हणूनच उवा झाल्या.  मग चावली.

मास्तरांनी निरोप पाठवला, आवडाबाई वर्गाला दिसत नाहीत. उलट निरोप दिला, घरीच वर्ग चालू आहे, दोन विद्यार्थी, दोन्ही फेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

उपाय सापडला. आधीच सुचायला हवा होता.

हिऱ्या दिवसभर मोऱ्याच्या, लांच लागते त्या बंदराच्या, धक्क्याकडे तोंड करून बसतो. लांचचा भोंगा ऐकू आला की बांधावर पळतो. म्हणून आज दोघांना जवळ घेतलं आणि मुंबई समजावून सांगितली. तिथं उंबऱ्याबाहेर पाय टाकता येत नाही. माणसांना रूममध्ये घालतात आणि बाहेरून कुलूप लावतात. राही म्हणाली, "आयसला पन?" म्हटलं, व्हय, तिला पन. नाहीतर एव्हाना आली नसती?

दोघं लगेच उठली. पहिल्यांदाच न बोलावता पानावर बसली.

आता शिमग्याला चांगदेवने खुशाल विचारावं, येता का मुंबईला. पोरंच नाही म्हणतील. मला मधे पडायचं कारण नाही.

८ फेब्रुवारी

घरात शांतता. हिऱ्या रडतच नाही. भाकरी खातो, माझ्या कुशीला झोपतो, मशेरीचंही काही नाही. मीठ धरलं.

सोनूबाईला मुद्दाम बोलावून दाखवला. म्हणते, "गप पोर बरं नव्हं गो. गप पान्याचा ठाव लागत न्हाय." जळते.

घराची चावी खुंटीवर नव्हती. हिऱ्याच्या मुठीत सापडली. खेळू दे म्हटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चावी परत हिऱ्याकडे. काढून घेतली तर श्वास कोंडून निळा झाला. करगोट्याला बांधून हवी म्हणतो. बांधली. घट्ट गाठ मारली, हरवायला नको. चांगलंच झालं. एवढ्या वयात घराची जबाबदारी घेतो, मुंबईची पोरं घेतील?

एवढंच की, विहिरीवर जायचं तर कुलूप लावायला हिऱ्याला उचलून दाराशी धरावं लागतं. आल्यावर उघडायला परत. करगोटा आखूड आहे. चावी फिरली पाहिजे तर पोर आडवं करावं लागतं. कंबर गेली. येणारेजाणारे उभे राहून बघतात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार, अवस

आज अक्षर वाईट येईल.

दुपारी चुलीपाशी जरा डोळा लागला. उठले तर दोघं नाहीत. विहिरीत बघितलं. सोनूबाईच्या घरात बघितलं. मग बांधावर पळाले. अवसेचं उधाण, खाडी बांधाच्या कडेला टेकलेली, उघाडीच्या फळ्यांतून पाणी फुसफुसत होतं. या उघाडीवर मी जन्म काढला, आज तिथं वाकून बघवेना. सोनूबाईला म्हटलं, तू बघ. तिने बघितलं. म्हणाली, "न्हाय गो, न्हाय, इथं न्हाय." कोणीतरी सारखं ओरडत होतं, मी म्हणत होते गप बसा, ओरडत मीच होते.

सापडली. मोऱ्याच्या वाटेवर, मिठाच्या राशीआड सावलीला बसलेली. गुडघ्यापर्यंत चिखल. राहीने फडक्यात भाकरी बांधून घेतलेली, माझीच, सकाळची. मी मारायला हात उचलला. राही म्हणाली, "आजे, थांब. आयसचं कुलूप उघडतो नि लगेच येतो." हिऱ्याने कमरेची चावी दाखवली.

हात वर तसाच राहिला. मग त्याच हाताने पोराला उचललं. चांगलं जड लागलं. माझ्याकडचं खाणं अंगी लागलं आहे.

वाटेत सोनूबाई विचारत होती, कसलं कुलूप गो? वारा फार होता, ऐकू आलं नाही.

१९ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. यात पोरं बिघडली असं काही नाही. मी सांगितलेलं त्यांनी खरं धरलं, म्हणजे वळण लागलंच. आता फक्त उलटं सांगायचं.

सांगितलं. मुंबईत कुलूप नाही, आजीने गंमत केली. हिऱ्या म्हणाला, "मंग आयस येत का न्हाय?"

 म्हटलं, कुलूप आहे, पण बारीक.

राहीकडून शपथ घेतली, बापसाला यातलं काही सांगायचं नाही. वर गुळाचा खडा दिला. शपथ पक्की आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

हिऱ्या तापला. मीठमोहऱ्या ओवाळल्या, चुलीत तडतडल्या, म्हणजे दृष्टच होती. सोनूबाईचीच. तरी ताप उतरेना. कडेवर घेऊन उरणला डाक्टरकडे गेले. डाक्टर म्हणाले घसा आला आहे. मग विचारतात, याची आई कुठे आहे? म्हटलं, मी काय भिंत आहे? तेवढ्यात हिऱ्याने तोंड उघडलं आणि त्यांना सांगितलं, आई कुठे आहे ते. डाक्टर माझ्याकडे बघत राहिले. औषध कडू दिलं.

२७ फेब्रुवारी

हिऱ्याचा ताप उतरला. माझ्या अंगात आला. राहीने पेज केली आणि मला पाजली. तोंडात धरवत नव्हती इतकी खारट. मी संपवली. मीठ आपलंच आहे, त्याला नावं कशाला ठेवा.

तिने माझी वेणीही घातली. ओढली नाही.

अजून शिमगा यायचा आहे. वेळ आहे. पोरं चांगदेवला खेळती, गुबगुबीत दिसली पाहिजेत. उद्यापासून रोज तांदळाची घावनं.

२ मार्च, रविवार

घावनं कुत्र्याने खाल्ली. कुत्रं गुबगुबीत दिसतं.

५ मार्च, बुधवार, होळी

चांगदेव दुपारच्या लांचने आला. एकटा. कमळला दिवस गेले आहेत, लांचमध्ये तिचा जीव घाबरा होतो, म्हणून आली नाही. मला आधी कळवलं असतं तर काही तयारी केली असती.

पोरांना तेल-काजळ करून ओटीवर बसवलं होतं. हिऱ्याने बापसाच्या मागं बघितलं. वाकून परत बघितलं. आणि बोंब ठोकली. गावची होळी पेटायची होती, आमच्या ओटीवर आधी पेटली. "आयस कुलपात हाय! आयस कुलपात हाय!"

चांगदेव म्हणाला, "आये, हे कुलूप काय हाय?"

राहीने सगळं सांगितलं. मुंबई, चावी, बांध, उधाण, भाकरी. शपथेचंही सांगितलं. गूळ थोडाच होता हेही सांगितलं. मी त्या वेळी चुलीत फुंकर घालत होते. चूल पेटवलेली नव्हती, ते त्याला दिसलं.

ओरडला नाही. ओरडला असता तर मीही ओरडले असते, आणि मायलेक मोकळी झालो असतो. नुसतं म्हणाला, "परवा नेतो दोघांना."

६ मार्च

ठरवलं आहे. मीच म्हटलं ने, म्हणून तो नेतो आहे. मास्तर परीक्षा घेणार आहेत, दोन पोरं अंगावर असताना अभ्यास होत नाही. उद्या संध्याकाळची लांच सुटली की तशीच वर्गाला जाणार, वही ओच्यात घेऊनच निघणार. सोनूबाईला हे सगळं सांगितलं. ती काहीच बोलली नाही. तिला बरं नसावं.

चांगदेव म्हणाला, "आये, तू पन चल ना." म्हटलं, नको बाबा, तिथं बाहेरून कुलूप लावतात. तो हसला. पोरं हसली नाहीत.

७ मार्च, शुक्रवार. सोनूबाईची ओटी

आधी सांगते, माझी चूक नाही.

निघताना नेहमीसारखं हिऱ्याला उचललं, आडवं केलं, कुलूप लावलं. चांगदेव म्हणाला, चावी सोडवून घे. हात लावला तर हिऱ्याने दात लावले. म्हटलं, राहू दे, धक्क्यावर सोडवू. चावी आहे म्हणून तर पोर मोऱ्यापर्यंत चालतं आहे. पुढं पुढं पळत होता. आयसचं कुलूप उघडायला.

धक्क्यावर गाठ सोडायला बसले. गाठ माझी, सुटते कसली. चांगदेव म्हणत होता, "आये, आटप." राही म्हणत होती, "आजे, दातान सोड." पुढचे दात कुठे आहेत? भोंगा वाजला. चांगदेवने पोर उचललं आणि फळीवरून आत गेला. मी म्हणत राहिले, सोडते, सोडते, जरा थांबा. लांच कोणासाठी थांबते?

राहीने हात हलवला. हिऱ्याने चावी हलवली.

तर आता पुढच्या दाराला कुलूप आणि मागच्या दाराला आतून कडी. मशेरीची डबी आत. वही तेवढी ओच्यात होती. वर्गाला गेले नाही, पेन्सिलीचं बोटभर उरलं आहे, त्यात कसली परीक्षा.

सोनूबाई दगड घेऊन निघाली. "हानू काय गो कुलपावर?" म्हटलं, खबरदार. नवऱ्याने आणलेलं कुलूप आहे, चांगलं आहे, मोडायचं नाही. म्हणाली, "मंग सांगावा धाड. लांचवाल्याच्या हाती धाडील चांगदेव चावी." म्हटलं, घराची चावी परक्याच्या हातात देऊ? तिने आत जाऊन माझ्यापुरते तांदूळ वाढीव टाकले.

मी इथं बरी आहे. इथून दार दिसतं, धक्क्याची वाटही दिसते.

कोणी विचारलं, घर का बंद, म्हातारी बाहेर का, तर मी उत्तर देणार नाही. ज्याने चावी नेली त्याने स्वतः आणायची. मी त्याला उचलून दाराशी धरीन, ते माझं काम. पण उत्तर हिरामणनेच द्यायचं, स्वतःच्या तोंडाने. कमळने मधे बोलायचं नाही.