दुखण्याला किती आकडा द्याल?

प्रिय बडबडे,

पत्र पाहून दचकू नकोस. हातात पत्र पडलं म्हणजे कुणीतरी गेलं, अशी तुझी लहानपणापासूनची समजूत आहे. कुणी गेलेलं नाही. गेलंय ते फक्त माझं पित्ताशय, तेही खड्यांनी भरलेलं, म्हणजे हळहळण्यासारखं काही नाही. दुर्बिणीने काढलं. पोटावर चार छोटी छिद्रं आहेत, त्यांवर पट्ट्या आहेत, आणि मी खिडकीपाशी आईच्या खुर्चीत बसून हे लिहिते आहे. घरात मी एकटीच आहे. तुला आधी कळवलं नाही म्हणून तू आता चिडणार. चिडलीस की तुझं नाक लाल होतं, ते मला इथून दिसतंय. खुशाल चीड, पण पत्र पुरं वाच.

फोन का केला नाही ते सांगते. फोनवर तू विचारलं असतंस, "कशी आहेस?" मी म्हटलं असतं, "ठीक." मग तू "बाकी काय?" म्हणाली असतीस आणि मी "बाकी काही नाही" म्हणून ठेवून दिला असता. आई होती तोवर आपल्याला बोलायला विषय असायचा. तिचं न जेवणं, तिच्या गोळ्या, नर्स बदलून द्या म्हणून तिचा हट्ट, आणि ती नर्स म्हणजे मीच! तिच्या तक्रारी करता करता आपण तासभर बोलायचो, मध्येच हसायचो. ती गेली आणि आपला विषयच गेला. भांडलो असतो तर बरं झालं असतं, निदान रुसवा काढायला तरी फोन झाले असते. आपण भांडलोसुद्धा नाही. तुझा संसार, तुझी शाळा, तुझ्या सासूबाईंची पथ्यं; माझं हॉस्पिटल. नुसत्या लांब होत गेलो.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर मी वॉर्ड सोडला आणि "फोनवाली" झाले, एवढंच तुला माहीत आहे. काम काय, ते मी कधी सांगितलं नाही आणि तू विचारलं नाहीस. तर ऐक. आमचे मोठे डॉक्टर संशोधन करताहेत. पोट उघडून ऑपरेशन केलेली माणसं आणि दुर्बिणीने केलेली माणसं, यांचं पुढे काय होतं? कोण लवकर हिंडू-फिरू लागतं, कुणाची जखम चिघळते, कुणाला परत दाखल करावं लागतं? थिएटरमध्ये काय झालं ते डॉक्टरांना ठाऊक असतं. माणूस घरी गेला की मात्र त्याचं काय झालं ते देव जाणे. ते विचारायला आम्ही दोघी. एक मी, आणि दुसरी माझ्या शेजारच्या टेबलावरची, जिला मी निवेदिका म्हणते, कारण तिचा आवाज थेट रेडिओवरून आल्यासारखा आहे. रेकॉर्ड रूमला लागून आमची खोली. खिडकी आहे, पण ती जिन्यात उघडते. दिवसभर कानाला फोन.

प्रश्न ठरलेले. ते जसेच्या तसे वाचायचे, पदरचं काही घालायचं नाही. "काळजी करू नका" म्हणायलाही बंदी आहे. धीर दिला की माणूस आपलं दुखणं कमी करून सांगतो आणि हिशेब चुकतो, असं डॉक्टरांचं म्हणणं. आणि ते खरंही आहे. वॉर्डात जन्म घालवलेल्या बाईला हे किती जड गेलं असेल, विचार कर. पलीकडून कुणी घाबऱ्या आवाजात सांगतं की ऑपरेशन पोटाचं झालं आणि दुखतोय खांदा. पोटात भरलेल्या हवेने तसं होतं, दोन दिवसांत जातं, हे माझ्या जिभेवर असतं. पण मी "बरं, लिहून घेतलं, डॉक्टर तुम्हाला फोन करतील" एवढंच म्हणते आणि पुढचा प्रश्न वाचते. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य. आत्ता तुमच्या दुखण्याला किती आकडा द्याल? आकडा पाचाच्या खाली असला तर पुढचा फोन एकदम महिन्याने. पाच किंवा वर असला तर उतरेपर्यंत रोज.

गेल्या वर्षी एक शिंपीकाका होते. हर्नियाचं ऑपरेशन. बायको गेलेली, दुकानामागच्या खोलीत एकटेच राहायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "सहा." दुसऱ्या दिवशी सहा, तिसऱ्या दिवशी सहा. बाकीच्या प्रश्नांना उत्तरं मात्र अगदी झकास. भूक लागते, झोप लागते, मशीन चालवतो. मग कुणाची पँट कुठे घट्ट झाली, कोणती नवरी कपडे तिसऱ्यांदा उसवायला घेऊन आली, हे सगळं साग्रसंगीत. मला प्रश्नापलीकडे बोलायची मनाई होती, ऐकायची नव्हती. शेवटी डॉक्टरांनी बोलावून तपासलं. जखम कोरडी, पोट मऊ, सगळं चांगलं. डॉक्टर म्हणाले, "इतकं दुखतंय म्हणजे परत दुर्बीण घालून बघावं लागेल." दुसऱ्या दिवशी मी फोन केला तर काका तत्परतेने म्हणाले, "शून्य!" आमची खोली हसून हसून बेजार झाली. त्यात मीही होते. महिन्याने नियमाप्रमाणे फोन केला तेव्हा ते म्हणाले, "बाई, फार दिवस लावलेत." तेव्हाही मी पुढचा प्रश्न वाचला.

आता माझं ऐक. माझं ऑपरेशन ठरलं तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरने विचारलं, घरी सोबत कोण? एकट्या माणसाला पहिले काही दिवस सोडत नाहीत, कुणीतरी लागतं. हा नियम मीच कित्येकांना ऐकवला आहे. मी म्हटलं, "माझी बहीण येतेय." तोंडातून आपसूक निघालं. कसं कळवू, कधी कळवू, करत राहिले आणि तुझ्या नावावर ऑपरेशन उरकून घेतलं. सुट्टी मिळाली तेव्हा वॉर्डातल्या मावशींना म्हटलं, बहीण खाली गाडीत बसलीय, तुम्ही नका येऊ. टॅक्सीवाल्याने पिशवी दारापर्यंत आणून दिली. तेव्हापासून तू माझ्याकडे आहेस बघ. निवेदिका भेटायला येते म्हणाली, तर म्हटलं, बहिणीला माणसांचा कंटाळा आहे. तुला! कंटाळा! पहिले दोन दिवस वॉर्डातून चौकशीचे फोन यायचे; सकाळी विचारलं तर तू आंघोळीला गेलेली असायचीस, दुपारी भाजी आणायला. एकदा तर मी तुला इस्त्री करायला लावली. या घरात इतकं काम तू जन्मात केलं नव्हतंस.

आणि मग मला फोन आला. संशोधनाचा. त्या वॉर्डात ऑपरेशन झालेल्या सगळ्यांनाच विचारतात, मलाही विचारलं होतं, मी सही केली होती. निवेदिका मला रोज "अगं ए" म्हणते, पण त्या दिवशी नियमाप्रमाणे "आपण" म्हणून वाचत होती. त्या प्रश्नांची भाषा सोपी करून मीच लिहून दिलेली. आत्ता तुमच्या दुखण्याला किती आकडा द्याल? खरं सांगते, दुखणं दोनच होतं. खोकला आला तर तीन. मी म्हटलं, "सहा."

का म्हटलं ते तुला कळलं असेलच. दोन म्हटलं असतं तर फोन महिन्याने आला असता. सहा म्हटलं म्हणून दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्याही दिवशी. मी आवरून, वेणी घालून वाट बघत बसायला लागले. फोन उचलून आधी घसा साफ करायचे, कारण सकाळपासून कुणाशी बोललेलंच नसायचं. तिने टाक्यांबद्दल विचारलं की मी शेजाऱ्यांच्या मांजरापर्यंत सगळं सांगायचे. ती ऐकून घ्यायची आणि पुढचा प्रश्न वाचायची. किती एकटी पडले आहे मी, हे मला ऑपरेशनने नाही कळलं. ते त्या वाचलेल्या प्रश्नांची वाट बघताना कळलं. आणि मला माझीच फार लाज वाटली.

आज मोठ्या डॉक्टरांचा स्वतःचा फोन आला. बिचाऱ्यांना काळजी लागली आहे. दुखणं उतरत नाही म्हणजे आत कुठे पित्त तर झिरपत नाही? दुर्बिणीच्या ऑपरेशनात ती भीती असते. माझं ऑपरेशन त्यांनी स्वतः केलं होतं. आवाजावरून वाटलं, आपला हात कुठे चुकला का, हेच ते मनात उगाळत आहेत. उद्या तपासायला बोलावलंय. "बहिणीलाही आणा, त्यांच्याशी बोलायचंय," असंही म्हणाले. हे ऐकल्यावर मला ते सोंग पुढे ओढवेना. इतक्या वर्षांचं त्यांचं काम, त्यात माझ्यासारख्या जाणत्या बाईने खोटा सहा घुसवायचा आणि एका चांगल्या माणसाने त्यापायी आपल्या हातांवर शंका घ्यायची, हे काही बरं नाही. उद्या मी जाईन आणि सगळं सांगेन, तुझ्यासकट. रागावतील. रागवू देत.

म्हणजे हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा माझा आकडा खाली आलेला असेल आणि फोन बंद झालेले असतील. म्हणूनच लिहायला बसले. मी तुझी वेणी घालायचे, तुझी फी भरायला जायचे, तुझ्या लग्नात सगळ्यांची जेवणं होईपर्यंत उभी होते. तुझ्याकडे काही मागायची मला सवयच नाही, त्यामुळे कसं मागतात तेही धड जमत नाहीये. तुझ्या अहोंना सांग, सासूबाईंना सांग, शाळेत रजा टाक, आणि दोन-चार दिवस ये. कारण विचारतील सगळे. बहीण आजारी आहे म्हणून सांगू नकोस, मी आजारी नाही. जखमा सुकल्या आहेत, जेवण जातं, जिना चढते. मला आता काही दुखत नाही गं. तरीही ये.

तुझीच,
ताई