झग्याच्या डाव्या बाहीविषयी खुलासा

ती. ताई आणि ती. दाजी,

तुमच्या धाकट्याचा तुम्हां दोघांना प्रभूमध्ये सलाम. त्याच्या कृपेने आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे माझी मान सोडून बाकी सगळं बरं आहे, आणि मानेचा विषय पुढे येणारच आहे. दाजींचा गुडघा आता कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना उतरताना घाई करू नका, खाली कोणी तुमच्यासाठी थांबलेलं नाही. ताई, तू मात्र तुझं ब्लडप्रेशर आधी मोजून घे आणि मगच पुढे वाच. (काळजीचं काही कारण नाही. सवय चांगली असते म्हणून सांगतो.)

तुझा निरोप पोहोचला. "झगा झाला का?" एवढाच होता. भाऊ कसा आहे, त्याची मान कशी आहे, काही नाही. मी तुला फोनवरही सांगू शकलो असतो. पण फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस, आणि ही हकिकत दुसऱ्या वाक्यानंतरच समजण्यासारखी होते. म्हणून पत्र. भाचीचं लग्न पुढच्या शनिवारी आहे हे मला ठाऊक आहे. तू ज्या झग्यात लग्नाला उभी राहिलीस त्याच झग्यात लेकीने उभं राहावं ही तुझी किती वर्षांची इच्छा, हेही ठाऊक आहे. तो झगा माझ्या लाँड्रीशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही, असं तू दाजींशी भांडून ठरवलंस, याचा मला अभिमान वाटतो. तेव्हा पहिली गोष्ट ही की झगा स्वच्छ आहे. पोटावरचा तो चहाचा डागसुद्धा गेला. दुसरी गोष्ट सांगायला मला जरा मागून यावं लागेल.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशाला सृष्टी हा विषय घेतला होता. पृथ्वी तापते आहे, हवा बिघडते आहे आणि देवाने माणसाला इथे मालक म्हणून नाही तर कारभारी म्हणून ठेवलं आहे, असं ते सांगत होते. मला ते लाँड्रीच्या भाषेत समजलं. पृथ्वी हा गिऱ्हाइकाचा कपडा आहे. आपल्याकडे फक्त धुवायला आलेला आहे. कधीतरी पावती घेऊन मालक काउंटरवर येणार, कपडा उजेडात धरून बघणार, आणि आपण इतकी वर्षं गिऱ्हाइकांना जे सांगत आलो तेच त्यालाही सांगणार, की साहेब, हा डाग आधीपासूनच होता. हा विचार मनात आला आणि मला खरोखर घाम फुटला. माझ्या दुकानातला तो जुना ड्रायर डोळ्यांसमोर आला. दिवसभर घरघरतो, भट्टीसारखा तापतो, आणि चार रुमाल वाळवायला अख्ख्या गल्लीची वीज खातो.

आता मान. मी नेमका पंख्याखाली बसलो होतो. घाम फुटलेला आणि वरून वारा, त्यामुळे मान आखडली ती अशी की मी पाळकसाहेबांऐवजी खिडकीकडेच बघत राहिलो. शेवटी असह्य झालं म्हणून उठलो, भिंतीपाशी गेलो आणि पंख्याचं बटण बंद केलं. मागे वळलो (पूर्ण वळावं लागलं, नुसती मान वळत नव्हती) तर सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती. झालं होतं असं की पाळकसाहेबांनी त्याच क्षणी विचारलं होतं, "आपल्यापैकी कोण आजपासून सुरुवात करणार?" मानेच्या नादात ते मला ऐकूच आलं नाही. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले होते. पेटी वाजवणाऱ्या मास्तरांनी आपण होऊन गीत सुरू केलं. आणि मग एकेक जण उठून आपापल्या डोक्यावरचा पंखा बंद करू लागला. ताई, त्या उकाड्यात आम्ही सगळी कडवी गायलो. दोन म्हाताऱ्यांना बाहेर सावलीत नेऊन बसवावं लागलं, आणि त्यांनीही जाता जाता माझ्या पाठीवर हात फिरवला.

तुला वाटेल, मी तिथल्या तिथे खरं का नाही सांगितलं. सांगितलं. उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांना बाजूला घेऊन म्हणालो, "साहेब, माझी मान आखडली होती, म्हणून उठलो." ते माझा हात दाबून म्हणाले, "देव कुणाला कसा उठवेल, सांगता येत नाही." पुढच्या रविवारी त्यांनी नम्रतेवर उपदेश केला आणि माझी मान उदाहरणाला घेतली. त्याच दिवशी सृष्टीसेवा समिती नेमली आणि मला तिचा अध्यक्ष केलं. ताई, आपल्या घराण्यात आजवर कुणी कशाचा अध्यक्ष झालेला नाही. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण टाळ्या वाजल्या.

अध्यक्षाच्याच दुकानात ड्रायर घरघरतोय हे बरं दिसेना. मी तो बंद केला आणि वर एक चादर घातली. तुझी भावजय मशीनवर कुणाच्या तरी पँटला चेन लावत बसली होती. (दुकानातलं रफू आणि दुरुस्ती सगळी तिच्याकडे असते. तिच्या हातचं रफू भिंग घेऊन शोधलं तरी सापडत नाही.) तिने मान वर केली नाही. "तुमची मान आखडली म्हणून पृथ्वी वाचणार का आता?" एवढंच म्हणाली. मी म्हणालो, सुरुवात कुठून तरी व्हायला हवी. ती म्हणाली, "मग सुरुवात दोऱ्या बांधण्यापासून करा. कपडे हवेत ठेवणार आहात का?"

तेव्हापासून आम्ही गच्चीवर कपडे वाळवतो. पहिल्या दिवशी वाऱ्याचा अंदाज आला नाही. कोर्टातल्या साहेबांची पँट उडाली ती समोरच्या चष्मेवाल्याच्या पाटीला जाऊन अडकली. त्याच्या पाटीवर मोठा थोरला चष्मा आहे, त्याच्या बरोबर खाली ती पँट दोन पाय सोडून लटकत होती. लांबून बघताना वाटायचं, साहेबच भिंतीला टेकून आपल्याकडे रोखून बघताहेत. साहेब स्वतः पँट न्यायला आले तेव्हा दोघं समोरासमोर उभे राहिले. मी पँट सोडवायला स्टूल आणलं. चष्मेवाला मात्र म्हणाला, "साहेब, आज सकाळपासून गिऱ्हाइकी बरी आहे, संध्याकाळपर्यंत राहू द्या ना." मग मी जास्तीचे चिमटे आणले. ते प्लास्टिकचे होते म्हणून समितीने ठराव करून मला लाकडी घ्यायला लावले, आणि लाकडी चिमट्यांचे ठसे उठू नयेत म्हणून सगळ्या कपड्यांना पुन्हा इस्त्री. इस्त्री विजेवर चालते, हे मी समितीत काढलं नाही. माणसाने स्वतःच्या अडचणी स्वतःहून किती वाढवाव्यात, यालाही मर्यादा असावी.

आता झगा. तुझा झगा मी कुणाला हात लावू दिला नाही. माझ्या हातांनी धुतला, गच्चीच्या पत्र्याखाली, सावलीत, स्वतंत्र दोरीवर टांगला. (जुनं साटीन उन्हात पिवळं पडतं. दाजींना हे सांग, म्हणजे त्यांना कळेल की त्यांचा मेहुणा अगदीच बिनकामाचा नाही.) धूळ बसू नये म्हणून वरून चादर पांघरली. फक्त डावी बाही चादरीत मावेना, ती बाहेर राहिली. तुमच्या वेळची फॅशन तुला आठवत असेल. त्या फुग्याच्या बाह्या. एकेका बाहीत एकेक कोबी ठेवता येईल एवढ्या. मी म्हटलं, एक दिवस असू दे, उद्या चांगली इस्त्री करून खोक्यात भरतो. मग दोन दिवस समितीच्या कामात गेले. मग मान पुन्हा आखडली, ते दोन दिवस शेकण्यात गेले.

वर गेलो तेव्हा बाहीतून एक गवताची काडी बाहेर आलेली दिसली. ती ओढणार तेवढ्यात आतून चिमणीने तोंड बाहेर काढलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी तिच्या घरात न विचारता शिरलो आहे. ताई, तुझ्या झग्यात सध्या एक कुटुंब राहायला आलं आहे. आत अंडी आहेत. मी शुक शुक केलं. टाळी वाजवली. ती हलेना. नर दोरीवर बसून मला शिव्या देत होता. मी त्याला समजावलं, की बाबा, लग्न तोंडावर आलं आहे, ही माझ्या बहिणीची अमानत आहे. त्याच वेळी पाळकसाहेब आपला धुतलेला उपासनेचा झगा न्यायला जिना चढून वर आले, आणि मी एका चिमणीशी हात जोडून बोलतो आहे असं त्यांना दिसलं.

पुढचं तू ओळखलं असशील. रविवारी सगळ्या मंडळीसमोर ते सांगितलं गेलं. आता समिती पाळीपाळीने गच्चीवर येते. मुलांचा वर्ग येऊन चित्रं काढून गेला. चिमणीसाठी प्रार्थना झाली. मास्तर म्हणाले, "अध्यक्ष, तुमच्या दारात देवाने परीक्षा पाठवली." मी म्हणालो, "दारात नाही हो, बहिणीच्या बाहीत." ते हसले. मी थट्टा करत नव्हतो.

कारण मी खरोखर पेचात आहे. एका बाजूला तू. मला लहानपणी कडेवर घेऊन फिरलीस, तुझ्या लग्नात याच बाहीला धरून मी रडलो होतो, हे मी विसरलेलो नाही. दुसऱ्या बाजूला मुठीत मावतील एवढी ती अंडी. मी अध्यक्ष नसतो तरी मला ती फेकता आली नसती. गच्चीवर लांब स्टूल टाकून, चिमणी बिचकू नये म्हणून पाठ करून बसतो आणि विचार करतो. मोठी मोठी माणसं मोठ्या खोल्यांत बसून पृथ्वीचं काय करायचं ते ठरवतात. माझ्या वाट्याला देवाने एक बाही दिली आहे. एवढी तरी मला धड सांभाळता यावी ना? पण तीसुद्धा तुझी आहे, माझी नाही, इथेच सगळं अडतं. मालकीण पावती घेऊन आली, की मी काय सांगू? हे घरटं आधीपासूनच होतं?

बाकी सर्व क्षेम. भाचीला आशीर्वाद, जावईबापूंना सलाम. दाजींना म्हणावं, रागावण्याआधी गुडघ्याचा विचार करा.

तुझा,
धाकटा

ता. क. लग्न जरा पुढे ढकलता येईल का? फार नाही, पिल्लं उडेपर्यंत. जावईबापू समजूतदार वाटतात. त्यांच्या घरच्यांना काय कारण सांगायचं ते मला सुचत नाही, पण खरं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, त्यामुळे खोटं बोलल्याचं पाप तरी आपल्याला लागणार नाही.

ता. क. दुसरा. ढकलता येत नसेल, तर भाची उजव्या बाजूनेच फोटो काढून घेईल का? मी चादरीखालून सगळा झगा सोडवून फक्त डावी बाही दोरीवर ठेवण्याचा विचार केला होता, पण त्यासाठी कात्री लावावी लागेल, आणि तुझ्या झग्याला कात्री लावायची माझी छाती नाही. पत्र पेटीत टाकायला तुझ्या भावजयीकडे देतो आहे.

वन्सं, सलाम. हे पत्र मी पेटीत टाकलेलं नाही. ज्या खोक्यावर ते चिकटवलेलं आहे, ते खोकं उघडा. झगा आत आहे. ह्यांची छाती नव्हती, माझ्याकडे कात्री होती. चिमणी दाणे टिपायला गेली तेव्हा बाही खांद्यापासून उसवली आणि घरट्यासकट दोरीवर तशीच ठेवली. चादरीखाली आता ह्यांचा जुना रेनकोट आहे. ह्यांना पत्ता नाही, कारण ते पाठ करून बसतात. दोन्ही बाह्या माझ्या लग्नाच्या झग्यातल्या लावल्या आहेत, म्हणजे जोडी विजोड दिसणार नाही. तो माझा झगा मला आता खांद्याच्या पुढे येतच नव्हता. शिवण शोधून दाखवा, म्हणजे मी रफूचं काम सोडून देईन.

लग्न ठरल्या दिवशीच होऊ द्या. ह्यांना इतक्यात काही कळवू नका. वर शांत बसले आहेत, दुकानात लुडबुड नाही. आणि एक सांगते, ड्रायर मीही सुरू केलेला नाही. उन्हात वाळलेल्या कपड्यांना छान वास येतो, गिऱ्हाइकं नाव काढतात. हे तर ह्यांना मुळीच सांगू नका, नाहीतर उद्या इस्त्रीवरही चादर घालतील.

आणि लग्नात ह्यांना पंख्याखाली बसवू नका.