पहिला पीस

चिखली, पुणे
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय नवनाथ,

आज सकाळी दूध आणलं, आंघोळ केली आणि बसने पिंपरीला गेलो. तिथे आमची महिन्याची बैठक असते. दुपारी घरी आलो. यशोदाने हुलग्याचे शेंगोळे केले होते, ते जेवलो. थोडा वेळ पडलो. आता चहा घेऊन तुला लिहायला बसलो आहे. दिवसात दुसरं काही विशेष नाही.

दादाचं पत्र आलं म्हटल्यावर तू दचकशील. पण आपलं फोनवरचं बोलणं तुला माहीत आहे. तू म्हणतोस बरा आहे, मी म्हणतो बरं, आणि दोघंही फोन ठेवतो. परवाही तसंच झालं. तू बरा नाहीस हे मला माहीत होतं, कारण विजयश्रीने तुझे रिपोर्ट आदल्या दिवशीच माझ्या मोबाईलवर पाठवले होते. तुला न विचारता पाठवले. बायको आहे तुझी, तिच्यावर चिडू नकोस. तू धड जेवत नाहीस, दुकानात मोटर उघडून नुसता तिच्याकडे बघत बसतोस, आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलं तेव्हा 'ते घेऊन बायल्या होण्यापेक्षा मेलेला बरा' म्हणून उठून आलास, हे तिने रडत सांगितलं. बायोप्सीचा रिपोर्ट मी वाचला. प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. असले रिपोर्ट मला वाचता येतात. का येतात ते लिहितो.

सात वर्षांपूर्वी माझं लघवीचं काहीतरी झालं होतं, एवढंच तुम्हाला गावाकडे माहीत आहे. ते हेच होतं. तुझ्यापेक्षा थोडं पुढे गेलेलं होतं, पाठीच्या एका मणक्यापर्यंत. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी मी तेच इंजेक्शन घेतो, ज्याला तू नको म्हणालास. आणि आता आठव, तुझ्या गणराजच्या लग्नात भर मे महिन्यात पंगतीत बुंदी वाढत कोण फिरत होतं? गेल्या दिवाळीत तुझं रक्त तपासून घे म्हणून मी तुझ्या मागे लागलो, तेही उगाच नव्हतं. एका भावाला असला की दुसऱ्याने तपासून घ्यावं, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

माझं कळलं तेव्हा मीही तुझ्यासारखाच गप्प बसलो होतो. हॉस्पिटलच्या बाकावर फाईल मांडीवर उलटी ठेवून बसायचो, कुणाला वरचं नाव दिसू नये म्हणून. तिथे एक दिवस मागून आवाज आला, "काय क्वालिटीवाले! इथे कुणाला रिजेक्ट करायला आलास?" बघतो तर आमच्या चाकणच्या कंपनीतला भीमराज. तो गिअर कापायच्या मशीनवर होता आणि मी इन्स्पेक्शनला. त्याचे पीस मी अनेकदा परत पाठवलेले. त्यामुळे आमच्यात जयभीम-नमस्कार होता, पण मैत्री नव्हती. त्याने माझी फाईल सरळ ओढून घेतली, वाचली आणि म्हणाला, "आपल्याच लाइनचा निघालास की! माझा तर हाडाहाडात आहे आणि चार वर्षं झाली. चल, मिसळ खाऊ." मला भूक नव्हती. त्याने दोन प्लेट मागवल्या आणि माझ्यातली अर्धी स्वतःच खाल्ली.

त्या मिसळीवर त्याने मला डॉक्टर घाईत सांगत नाहीत ते सगळं सांगितलं. इंजेक्शनने शरीरातला पुरुषी रस बंद होतो, कारण या आजाराला खायला तोच लागतो. मग बाईच्या पाळी जाण्याच्या वयात जसं होतं तसं होतं. अचानक अंगातून झळा येतात, घाम फुटतो. पोट सुटतं. छाती थोडी भरते आणि दुखते. रडू लवकर येतं. दाढी मात्र दोन दिवसांआड केली तरी चालते, तेवढं ब्लेड वाचतं, असं तो वर म्हणाला. त्याची मिशी तुला दाखवायला हवी होती. चाकणपासून भोसरीपर्यंत तशी दुसरी नव्हती.

पहिली झळ मला अशाच जानेवारीत आली. मी बनियनवर बाल्कनीत उभा आणि समोरच्या इमारतीत लोक कानटोप्या घालून. यशोदाने दार उघडलं आणि माझ्याकडे बघून हसत सुटली. म्हणाली, "आता कळलं? मला हे होत होतं तेव्हा रोज रात्री उठून पंखा कोण बंद करत होतं?" मला तेव्हा राग आला, मग हसू आलं. त्यानंतर तिने मला काय करायचं ते शिकवलं. सुती कपडे घाल, चहा कमी कर, उशाशी ओला रुमाल ठेव. या विषयात ती मला सीनियर आहे. आता आमच्याकडे एकाच पलंगावर तिच्या अंगावर दोन गोधड्या असतात आणि माझ्या अंगावर एकही नसते.

तुला जी खरी भीती आहे तिच्याबद्दल लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. नवरा-बायकोतलं जे असतं ते जवळजवळ थांबतं. हे खरं आहे आणि मला त्याचं वाईट वाटलं. वर्षभर मी तिच्याकडे पाठ करून झोपायचो. मग एका संध्याकाळी तिने पत्त्यांचा जोड काढला आणि म्हणाली, "पाठ काय दाखवता, पानं दाखवा." तेव्हापासून आम्ही रोज रमी खेळतो. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण बाई पत्त्यांत चोऱ्या करते हे मला त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं. खेळून झालं की ती माझ्या पाठीला तेल लावते आणि मी तिच्या गुडघ्यांना. मी बायल्या झालो का, हे तू तिलाच विचार. पण जपून विचार, तिच्या हातात उलथनं असेल तेव्हा नको.

आता बैठकीचं सांगतो. भीमराजने ती सुरू केली. पिंपरीत त्यांच्या विहाराचा एक हॉल आहे, तो त्याने मागून घेतला. पंधरा-वीस माणसं येतात. बरेचसे कंपन्यांतले, एक रिक्षावाला, एक निवृत्त हेडमास्तर. हॉलची व्यवस्था तानुबाई बघतात. त्या शाल पांघरून दारात बसतात आणि म्हणतात, "मेल्यांनो, थंडीत पंखे लावणारे जगात तुम्हीच!" कुणाला झळ आली की बाकीचे ओरडतात, "भट्टी पेटली!" आणि सगळे आपापल्या फाईलने त्याला वारा घालतात. तोंडं पाडून बसणारी माणसं असतील असं मला वाटलं होतं. पहिल्याच दिवशी प्रेस शॉपचा मालोजी उठून सांगत होता, "राव, सूनबाई मालिका बघते न् रडतो मी. ती विचारते, मामंजी, यातलं कोण तुमच्या ओळखीचं आहे?"

या मालोजीची एक गंमत आहे. इंजेक्शनं सुरू झाल्यावर रक्ततपासणीतला त्याचा या आजाराचा आकडा जवळजवळ शून्यावर आला. आमच्या कामात रीडिंग शून्य आलं की सेटिंग पूर्ण झालं असं समजतात. त्याने सोसायटीत पेढे वाटले, देहूला जाऊन नारळ फोडला आणि डॉक्टरांना न विचारता इंजेक्शन बंद केलं. सहा-सात महिन्यांनी आकडा परत वर. भीमराज त्याच्या घरी गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "येड्या, मशीन थंड चाललंय म्हणून कूलंट बंद करतोस होय? अरे, कूलंट चालू आहे म्हणून ते थंड आहे!" मालोजी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेला. आज त्यानेच सगळ्यांना चहा दिला. ठणठणीत आहे.

भीमराजने बैठकीचे नियम कंपनीतूनच घेतले. कंपनीत नवीन माणूस आला की त्याला जुन्याच्या जोडीला लावतात. तसं आमच्याकडे प्रत्येक नवीन माणसाला एक जोडीदार मिळतो. पहिल्या इंजेक्शनला तो बरोबर जातो. कंपनीत कामाची शिफ्ट सुरू झाली की पहिला पीस इन्स्पेक्शनला द्यायचा आणि तो पास झाल्याशिवाय मशीन पुढे चालवायचं नाही, हेही तू ऐकलं असशील. आमच्याकडे तीन महिन्यांनी नवीन माणसाचा पहिला रिपोर्ट येतो तो आमचा पहिला पीस. आकडा खाली आलेला असला की जोडीदार उठतो आणि हॉलमध्ये टांगलेल्या गिअरवर पान्याने ठोका देतो. "पहिला पीस ओके!" मग टाळ्या. तो गिअर भीमराजच्याच हातचा आहे. दात बारीक कापला गेला म्हणून मीच तो रिजेक्ट केला होता. निवृत्तीच्या दिवशी पोरांनी चेष्टेने त्याला तोच भेट दिला. तो दर वेळी माझ्याकडे बघून म्हणायचा, "ऐक, क्वालिटीवाले. गाडीत बसला असता तर असा वाजला असता का?"

मी सात वर्षं दर बैठकीला गेलो आणि मागच्या रांगेत बसलो. जोडीदार व्हायला भीमराज दर वेळी मला उठवायचा. मी नाही म्हणून मान हलवायचो. मला बोलता येत नाही, हे तुला सांगायला नको.

नोव्हेंबरात भीमराज गेला. तुला खोटं सांगणार नाही, याच आजाराने गेला. पण हाडाहाडात पोचलेला आजार घेऊन तो अकरा वर्षं जगला. त्यात त्याने मुलीचं, रश्मीचं लग्न केलं, नातवाला सायकल शिकवली आणि आम्हा सगळ्यांना गोळा केलं. शेवटच्या आठवड्यात मी त्याच्याकडे जाऊन बसायचो. एकदा डोळे न उघडता म्हणाला, "पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडता येत नाही राव. तू येतोयस की मला डबल ड्यूटी लावतोस?" मी म्हणालो, आलो. तेव्हा मला वाटलं होतं की आजारी माणसाचं मन राखण्यासाठी म्हणतो आहे. तो गेल्यावर यशोदा पत्ते मांडायची आणि मी पानं हातात घेऊन बसायचो.

आजची बैठक त्याच्याशिवायची पहिली. डिसेंबरात कुणाचं मनच झालं नव्हतं. आज मात्र समाधानचा रिपोर्ट होता. समाधान हा तो रिक्षावाला, आणि त्याचा जोडीदार भीमराजच होता. आकडा छान खाली आला होता आणि ठोका द्यायला माणूस नव्हता. रश्मी आली होती. तिने पाना आणला आणि कुणालाही न विचारता माझ्या हातात ठेवला. "काका, बाबा म्हणाले होते, तुम्ही रिलीव्हर." मी उठलो. गिअरजवळ गेलो. ठोका दिला, पण 'पहिला पीस' एवढंच तोंडातून निघालं आणि पुढे आवाजच फुटेना. मी रडतोय म्हटल्यावर मालोजी रडायला लागला, तो रडतोय म्हणून हेडमास्तर, आणि बघता बघता सगळी रांग. दारातून तानुबाई ओरडल्या, "अहो, तो बिचारा पास झालाय ना? मग रडता काय?" त्यावर जे हसू फुटलं ते आवरेना. डोळे पुसतायत आणि हसतायत. त्यातच दोघांची भट्टी पेटली. मी परत ठोका दिला आणि पूर्ण वाक्य म्हणालो. नवनाथ, एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. येताना बसमध्ये मी एकटाच हसत होतो. शेजारच्या बाईंनी पिशवी जवळ ओढून घेतली.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते सांगतो. जोडीदाराचा पहिला नियम असा, की नवीन माणसाला काहीही विचारायच्या आधी आपलं सगळं त्याच्यापुढे उघडं करायचं. इतरांनी ते मिसळ खाताना केलं, मला बोलता येत नाही म्हणून मी लिहून केलं. मी तुझा जोडीदार आहे. कुणाचा जोडीदार व्हायची ही माझी पहिलीच वेळ, तेव्हा सांभाळून घे. मी डॉक्टर नाही. तुला नेमकं काय आणि किती दिवस लागेल ते डॉक्टर ठरवतील. माझं पुढचं इंजेक्शन गुरुवारी २३ तारखेला आहे. त्याच दिवशी, माझ्यामागोमाग, तुझी वेळ मी घेऊन ठेवली आहे. त्याआधी मंगळवारी, २१ तारखेला, एसटीने मी बार्शीला येतो. बुधवारी दोघं मिळून निघू. यायचं नाही असं तू म्हणालास तर मी तुझ्या दुकानात मोटरींच्या मध्ये बसून राहीन, गप्प बसण्यात तू मला हरवू शकणार नाहीस. सुती बनियन दोन जास्त घे. मे महिन्याच्या बैठकीत तो गिअर मला तुझ्यासाठी वाजवायचा आहे, आणि त्या वेळी एका दमात.

यशोदा खाली भाजीला गेली आहे. आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं आणि आज पाण्याचा दिवस आहे. नळ वाजायला लागला. तू वायंडिंग भरून दिलेली मोटर अजून तशीच चालते, कितीही वेळ चालली तरी तापत नाही. तिला काही झळा येत नाहीत. पत्र इथेच थांबवतो. उठतो, मोटर लावतो, आणि टाकी भरेपर्यंत गच्चीवर उभा राहतो.

तुझाच,
दादा