बोर्लीला तासाभरात

१६ जानेवारी
नूरैन आज पनवेलला परत गेली. जाताना म्हणाली, अब्बा, अम्मीशिवाय एकटे कसे राहणार? तिला जाऊन चाळीस दिवस होतील, त्या चाळिसाव्याला येऊ तेव्हा घर बंद करून तुम्हाला घेऊनच जाऊ.
जावई हारिसची नोकरीच अशी की कुठल्या गावातून माणसं बँकेत, दवाखान्यात किती सहज पोचतात ते मोजायचं. त्याने अट घातली. बँक, दवाखाना, औषधं, सगळं बोर्लीला. घरून निघून तासाभरात काम झालं, तर राहा इथेच.
कुवेतला पंचवीस वर्षं स्टोअर सांभाळलंय. मोजमाप मला शिकवू नये. उद्या पहाटेच सुरुवात.

१७ जानेवारी
थंडी होती. उद्या.

१८ जानेवारी
नाक्यावर कोंडाजीची विक्रम रिक्षा. लोक म्हणतात, भरल्याशिवाय हलत नाही. अफवा. मला बघताच 'बसा काका' म्हणाला आणि एकट्याला घेऊन निघाला. बँकेत रांग दारापर्यंत, पण कोणीतरी म्हणालं, रफिककाकांना पुढे जाऊ द्या. सगळे सरकले. शिस्त आहे. तासाच्या आत घरी.
याच कामाला माझी बायको आबिदा अर्धा दिवस लावायची. गप्पा मारत बसत असणार.

२५ जानेवारी
दवाखाना. कंपाउंडरने पहिला नंबर माझा लावला. मेडिकलवाल्याने बीपीच्या गोळ्या न विचारता काढून दिल्या. बरं झालं, मला नाव येत नाही. आबिदाच आणायची. त्याने माझा हात जरा धरून ठेवला. तो वेळ धरला नाही.

२ फेब्रुवारी
स्वयंपाक शिकायचं ठरवलं. तेवढ्यात शेजारच्या काशिफाभाभींचा डबा आला. दोन्ही वेळ येतो. जेवण : शून्य मिनिटं. पनवेलला जमेल का हे?

११ फेब्रुवारी
चाळिसावा. नूरैन, हारिस आले. गाव जेवून गेलं. हारिसला आकडे सांगितले. म्हणाला, असे मुंबईतसुद्धा मिळत नाहीत, उद्या सोबत येतो. ये म्हटलं. घर वाचलं.

१२ फेब्रुवारी
डबा नाही. काशिफाभाभी कुंपणावरून म्हणाल्या, 'भाईजान, चाळिसावा झाला. आता चूल पेटवा.'
कोंडाजी विडी ओढत बसलेला. निघू या म्हटलं, तर म्हणे, 'अजून चार शीट येऊ द्या.' परवापर्यंत मला एकट्याला न्यायचास, म्हटलं. 'तवा दुखवटा होता, काका. दुखवट्याच्या माणसाला ताटकळत ठेवतात व्हय?'
चार शीट येईपर्यंत ऊन डोक्यावर. बँकेत सवयीने पुढे गेलो. एक बाई म्हणाली, 'आमी काय देवदर्शनाला उभ्या हाव?' शेवटी जाऊन उभा राहिलो. नंबर आला तेव्हा काउंटर जेवायला बंद.
हारिसने मनगटावरचं घड्याळ बाहीखाली सारलं. चांगला मुलगा आहे.
आबिदा गप्पा मारत नसावी.

१३ फेब्रुवारी
घराला कुलूप लावलं. बॅग घेऊन तिघं नाक्यावर. विक्रम रिकामी. कोंडाजीने बॅग बघितली, विडी टाकली. 'कायमचे काय, काका?' मी बॅग आत ठेवली. आणखी शीट न बघता त्याने गाडी सोडली.
एसटी स्टँडला इतक्या लवकर कधीच पोचलो नव्हतो. हारिसला म्हटलं, हे तरी लिहून घे.